म्हशीला भेवडवायचं नाही

"पिळून दाखव," पाटलीणबाई म्हणाल्या.

मी त्यांच्या गोठ्याच्या दारात उभी होते. डोक्यावर शेणाची पाटी. अंगणात ताक न्यायला आलेल्या गावातल्या बाया गाडगी घेऊन बसल्या होत्या. ओसरीवर पाटील अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ऊन चांगलं चटचटीत. आणि मी, बाळंतपणातून नुकती उठलेली, पहिलटकरीण पोरगी.

"काय पिळू, वैनीसाब?" मी विचारलं. सोंग नव्हतं. मला खरंच कळलं नव्हतं.

"छाती तुजी. दूध येतंय का न्हाई ते बघू दे समद्यास्नी."

आता हा न्याय कसा होता ते नीट सांगते, कारण असा न्याय तुम्हाला कुठल्या कचेरीत बघायला मिळायचा नाही. त्या सकाळी पाटलांच्या म्हशीनं, मोरीनं, दूध कमी दिलं होतं. आणि आदल्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना मी एका बाईपाशी बोलले होते, की अलीकडं माझं दूध पुरत नाही, पोरगी उपाशी रडते. ते बोलणं माझ्या आधी ओढा ओलांडून पाटलांच्या घरी पोचलं. पाटलीणबाईंनी गाठ मारली. हिचं आटलंय. म्हशीचं घटलंय. म्हणजे हिच्या पोरीच्या पोटात आमच्या मोरीचं दूध. मी दूध काढून दाखवलं तर मी खरी. नाही आलं तर चोर.

हात कोणी लावला नाही. लावणार कसा? आमची वस्ती ओढ्यापलीकडची, आम्हाला शिवलं की त्यांना आंघोळ. शेण आमच्या हातचं चालायचं, आम्ही चालायचो नाही. त्या दिवशी त्यांच्या विटाळानं माझी निम्मी अब्रू वाचवली. उरलेली निम्मी मलाच माझ्या हातानं उघडायची होती.

मी पाटी उतरवली. हात पदराला पुसले. भिंतीकडं वळले.

"हिकडं तोंड कर," पाटलीणबाई म्हणाल्या.

वळले.

काय झालं ते सांगते. आधी कान गेले. कुणीतरी डोकं पाण्यात दाबावं तसं सगळं लांबून ऐकू यायला लागलं. मग उन्हात हात गार पडले. बोटं माझी नव्हतीच. जीभ टाळूला चिकटली. पोटात कळ उठली. आणि पाय म्हणत होते पळ, पण पायांना जमिनीनं धरून ठेवलं होतं. मी बोटांनी दाबलं. काही नाही. जोरानं दाबलं. दुखलं. काही नाही. थेंब नाही.

ताकाला आलेल्या बायांपैकी एक स्वतःच्या गाडग्यात बघत बसली होती. बाकीच्या माझ्याकडं. पाटील सुपारी कातरत राहिले. कट्. कट्. तो आवाज मात्र स्पष्ट ऐकू येत होता.

"बघा," पाटलीणबाई म्हणाल्या. "खडखडीत कोरडी. मग पोरगी कशावर जगतीया हिची?"

झाला निकाल.

मी पाटी उचलली, उकिरड्यावर शेण टाकलं आणि घराकडं निघाले. ओढ्याच्या पाण्यात पाय घातला तोच पलीकडून माझ्या लेकीचं रडणं ऐकू आलं. आणि काय सांगू तुम्हाला, माझी चोळी चिंब झाली. दोन्हीकडून. पदर भिजला, पोट भिजलं, ओघळ कमरेपर्यंत आले. मी ओढ्याच्या मधोमध उभी राहिले आणि माझ्याच दुधाला शिव्या दिल्या. कुठं होतीस गं भवाने? साक्षीला बोलावलं तेव्हा दडून बसलीस आणि आता निकाल लागल्यावर वाजत-गाजत आलीस होय? आता कुणाला दाखवू तुला, बेडकांना?

मी असं बोलते, हसवते, ही माझी जन्माची खोड. माणसं म्हणतात, बाई, तुम्ही गोष्ट काय रंगवून सांगता. पण ओढ्यात उभी असताना मी हसत नव्हते. माझे दात वाजत होते. भर उन्हात.

*

त्या दिवसापासून शिक्षा ठरली. संध्याकाळी मोरीची धार काढायच्या वेळी मी गोठ्यातच थांबायचं, कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, पाटलीणबाईंच्या नजरेखाली. दूध घरात गेलं की मग मी घरी. म्हणजे चोरी करायला वाव नाही. सकाळची शेणघाण वेगळीच. ते काम माझ्या सासूचं होतं, तिच्या सासूचं होतं. तिची कंबर धरली म्हणून ते माझ्याकडं आलं. कामाच्या बदल्यात सुगीला भात मिळायचं खळ्यावर, सणाला उरलंसुरलं. नवरा ताम्हिणीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलेला, महिना महिना तिकडंच.

त्याच वर्षी आमच्या पुरुषांनी बैठक घेतली होती. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, जोहार घालायचा नाही, गावकीची हलकी कामं सोडायची. मोठा ठराव झाला. लुगड्याच्या पदराआडून आम्ही बायांनी ऐकला आणि आम्हाला फार बरं वाटलं. पण बायकांनी काढायचं शेण त्या ठरावात कुणाला आठवलं नाही. मेलेल्या ढोरापासून आम्ही सुटलो. जिवंत ढोराखाली मी तशीच राहिले.

आणि माझं अंग बिघडत चाललं.

सकाळी पाटलांचं कौलारू घर लांबून दिसलं की पोटात मुरडा यायचा. बांधाआड बसून यावं लागायचं. कुणी भांडं आपटलं की मी हातभर उडायची. जेवण पुढ्यात असून घास उतरायचा नाही. केस पुंजक्यानं हातात यायचे. झोप लागायची आणि लगेच दचकून मोडायची. काही कारण नसताना छाती धडधडायची, कुणी पाठीमागं लागल्यासारखी. कोणी नसायचं. मी चुलीपुढं बसलेली असायची.

दूध रोज कमी. आता घरी पोरीचं रडणं ऐकूनही पाझरत नव्हतं. ती ओढायची, ओढायची, मग तोंड सोडून माझ्याकडं बघायची. तान्ह्या पोराची ती नजर तुम्ही पाहिली नसेल तर तुमचं नशीब. चिडलेली नसते ती. चकित असते. तिच्या मांड्यांची कातडी सैल पडली, म्हाताऱ्या माणसासारखी. रडण्याचा आवाज बारीक झाला. पोर रडायचं कमी झालं की लोक म्हणतात शहाणं झालं. मला माहीत होतं काय होतंय ते. माझी लेक विझत चालली होती.

सासू, मी तिला आत्या म्हणायची, तिनं जेवढं ठाऊक होतं तेवढं केलं. अळीव घातले, नाचणीची पेज पाजली. कुणी दूध बांधलं असेल म्हणून मीठमोहऱ्या उतरवल्या. पाण्यातल्या साती आसरांची बाधा असेल म्हणून ओढ्याकाठी दहीभात ठेवला. तो दहीभात कावळ्यांनी खाल्ला आणि मला वाटलं, निदान कुणाचं तरी पोट भरलं. मग पौडच्या दवाखान्यात नेलं. चालत गेलो, पोरीला झोळीत टाकून. नर्सबाई भली होती. तिनं पोरीला उचललं, हलकं लागलं तशी तिच्या कपाळाला आठी पडली. मला म्हणाली, मनाला काही लावून घेऊ नका, घाबरू नका, आनंदात राहा, दूध येईल.

आनंदात राहा! ते औषध बाटलीत भरून देता का, असं विचारणार होते. पण जीभ टाळूला. भिऊ नको म्हटल्यानं भीती गेली असती तर मी स्वतःला दिवसातून शंभरदा सांगतच होते.

माझी खात्री झाली होती, की दोष माझ्यातच आहे. माझंच अंग नासकं. ज्या बाईला आपल्या लेकराला पाजता येत नाही ती कसली बाई? पाटलीणबाई चोर म्हणाल्या तेव्हा मला राग आला नव्हता. लाज वाटली होती. हे लक्षात घ्या. लाज.

*

आता पाटलांच्या गोठ्यातली संध्याकाळ ऐका. ही मला सांगायला फार आवडते.

मोरी भित्री होती. चरायला गेली असताना एकदा जाळीतून बिबट्यानं तिच्या पाठीवर उडी घेतली होती. वाचली, पण तेव्हापासून जरा खट्ट झालं की दूध चढवायची. कास टम्म, आणि सडातून थेंब नाही. म्हणून पाटलांच्या घरात एक कायदा होता. धारेच्या वेळी म्हशीला भेवडवायचं नाही. दिवसभर ज्या घरातून शिव्यांचा धूर निघायचा, ते घर त्या वेळी देवळासारखं व्हायचं. पाटलीणबाई पायातली जोडवी वाजू नयेत म्हणून टाचांवर चालायच्या. पोरांना अंगणाबाहेर हाकलायचे. कुत्र्याला बांधून ठेवायचे. एकदा जातं ओढणाऱ्या सुनेला मधेच थांबवलं होतं, पीठ अर्धवट.

आणि पाटील! आसपासच्या गावांत ज्यांच्या नावानं माणसं वाट सोडायची ते पाटील. गलमिशा, पायात करकरणारं पायताण. गोठ्याच्या दाराशी पायताण काढायचे. मांजरासारखे आत यायचे. मोरीच्या गळ्याखाली खाजवायचे आणि बोलायचे, "आली गं माजी बाय... दमली का माजी राणी... कुनी बोललं का माज्या मोरीला..." सूर लावून बोलायचे हो! पाळण्यातल्या पोराला म्हणतात तसा. मग तिचं रेडकू सोडायचे. आधी तिच्या लेकराला. ते ढुशा द्यायचं, मोरी डोळे मिटायची, पान्हा सोडायची, मग पाटील उकिडवे बसून गुडघ्यांत कासंडी धरायचे आणि धार वाजायला लागायची. स्सर्र. स्सर्र.

हे सगळं मी पाठीनं ऐकायची. तोंड भिंतीकडं. भिंतीतली दगडं मला तोंडपाठ झाली होती. त्या वेळी माझी लेक ओढ्यापलीकडं आत्याच्या मांडीवर चिंधी चोखत असायची.

एका संध्याकाळी पाटलांचे मेहुणे आले होते, पुण्याहून. त्यांना कायदा माहीत नाही. ऐन धारेच्या वेळी गोठ्याच्या दारात येऊन कशावर तरी खो खो हसले. मोरी दचकली. धार बंद.

मी भिंतीला चिकटले. मला वाटलं, आता पाटील फुटणार. पण पाटलांनी ना म्हशीला मारलं, ना मेहुण्याला बोल लावला. सडावरचे हात काढून घेतले, मोरीच्या पाठीवरून फिरवत बसले. मेहुण्यांनी हळूच विचारलं, दोन रट्टे दिले तर सोडणार नाही का दूध?

पाटील समजुतीनं म्हणाले, "मारून दूध येत असतं तर गाव कशाला उपाशी ऱ्हायलं असतं? भ्यालेल्या जितराबाला दूध न्हाई, दाजी. भ्यालं की रगात समदं पायात जातंया, पळायला. कासंला काय उरनार? तिचा त्यात काय गुन्हा? भ्या जाईस्तवर गप बसायचं."

तिचा त्यात काय गुन्हा.

मी भिंतीशी. माझे हात गार. माझे पाय पळायला आतुर. माझी छाती कोरडी. आणि माझ्या पाठीमागं तोच माणूस बोलत होता, ज्यानं मी माझी छाती पिळत असताना बघत सुपारी कातरली होती.

तोपर्यंत मी समजत होते की त्यांना कळत नाही. मोठी माणसं, त्यांना काय ठाऊक भीती म्हणजे काय. अडाणीपणाला माणूस माफ करतो. पण त्यांना सगळं ठाऊक होतं. भीतीनं अंगाचं काय होतं, दूध कुठं जातं, कसं परत येतं, किती वेळ गप बसावं लागतं. माझ्या आत्याला नाही, नर्सबाईला नाही, त्यांना ठाऊक होतं. ते ज्ञान त्यांच्याकडं होतं, वापरातलं, रोजचं. फक्त ते माझ्यासाठी काढायचं नव्हतं.

माझं अंग नासकं नव्हतं. ते भ्यालेलं होतं. आणि भेवडवणारं कोण ते मला माहीत होतं.

भिंतीकडं तोंड करून मी पहिल्यांदा रागावले. तोही राग भीत भीत. पाटलांना पाठीवरून कळेल की काय म्हणून.

*

मग मला एक खोडी सुचली. माणूस अगदी भेदरलेला असला तरी त्याच्यातला खोडकरपणा मरत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

त्या घरात दिवसातून दोनदाच कुणी ओरडू शकत नव्हतं. आणि एका ठिकाणापाशीच. मोरीपाशी, धारेच्या वेळी. अख्ख्या गावात माझ्या लेकीला पाजायला त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी पोरीला झोळीत घेऊन निघाले. आत्यानं विचारलं कुठं नेतेस, तर खोटं बोलले, पाटलीणबाईंनी बघायला मागितलीय म्हणून. ओढ्याच्या मधल्या दगडापाशी थांबले. परत फिरायचं ठरवलं. पुन्हा पोरीच्या मांडीकडं बघितलं. फिरले नाही.

गोठ्यात नेहमीसारखी कोपऱ्यात उभी राहिले, भिंतीकडं तोंड, पोर पदराखाली. ती झोपलेली. पाटील आले, पायताण काढलं, सूर लावला. रेडकू सोडलं, बांधलं. पहिली धार वाजली. पाटलीणबाई दारात उभ्या.

मी वळले. चालत गेले आणि मोरीच्या गव्हाणीच्या खांबाला पाठ लावून, पाटलांच्या समोर, खाली बसले. चोळीची गाठ सोडली. पोरीला लावली.

पाटलीणबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पाटलांचे दोन्ही हात सडांवर, गुडघ्यांत कासंडी. उठावं तर दूध सांडणार. ओरडावं तर मोरी चढवणार. आणि मग त्यांनी काय केलं ठाऊक आहे? मला शिव्या दिल्या. पण त्याच सुरात! पाळण्याच्या!

"ऊठ गं बाई ऊठ... तंगडं मोडीन गं तुजं... माजी मोरी गं... ऊठ तितनं सटवे... राणी माजी ती..."

मोरी बिचारी कान हलवत आंबोण खात होती. कुठली ओवी तिची आणि कुठली माझी, तिला काय कळणार.

"कासंडीवर सावली पडली," पाटलीणबाई दारातून कुजबुजल्या. "इटाळ, इटाळ. उठीव तिला."

"न्हाई उठत," मीही कुजबुजले. "लेकरू भुकेलंय."

हे मी आता हसत सांगते. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं अंधारी होती. पोरगी ओढत होती आणि येत काही नव्हतं. तिनं तोंड सोडलं, माझ्याकडं बघितलं. तीच चकित नजर. मला वाटलं, फुकट गेलं सगळं. आता हे उठतील, मला गोठ्यात गाडतील, आणि पोरीच्या पोटात थेंबही गेलेला नसेल.

पण पाटील उठेनात. त्यांना उठताच येईना. धार वाजत राहिली. आणि हळूहळू माझे कान उघडले. मोरीचं रवंथ ऐकू आलं. रेडकाच्या गळ्यातली घाटी. बाहेर झाडावर होला घुमत होता. किती दिवसांत मी असलं काही ऐकलंच नव्हतं, मी फक्त पावलं ऐकत होते, कुणाची पावलं कुठून येतात ते. माझा श्वास पोटापर्यंत खाली गेला. जबडा सुटला, तो मी आवळून धरलाय हेही मला माहीत नव्हतं. बोटांत ऊब आली. पोरीला पुन्हा लावली. आणि काखेपासून मुंग्या धावत आल्या, छाती भरल्यासारखी ताठली, आणि पोरीला ठसका लागला. इतकं आलं की ठसका लागला. गिळायला लागली. घट घट. तो आवाज पाटलांनाही ऐकू गेला.

तो ऐकूनच असेल, त्यांच्या बोटांत राग उतरला. तोंडानं गोड बोलता येतं, बोटांना ते जमत नाही. मोरीनं मान वळवली. पाय बदलला. आणि धार थांबली.

क्षणभर गोठ्यात माझ्या लेकीच्या गिळण्याशिवाय आवाज नव्हता.

मग पाटील उठले. आता गप राहायला कारण उरलं नव्हतं. त्यांनी आंबोणाचं घमेलं लाथेनं उडवलं आणि ओरडले. काय ओरडले ते शब्द आठवत नाहीत, आवाज आठवतो. मोरीनं दाव्याला हिसका दिला. पोरीचे दोन्ही हात हवेत उडाले, तोंड सुटलं, ती किंचाळली. आणि माझं दूध, दार लावावं तसं, बंद. म्हैस, पोर आणि मी, तिघी एकाच वेळी दचकलो. तिघींचं अंग एकाच तऱ्हेनं आखडलं. मी डोळ्यांनी बघितलं ते.

मी उभी राहिले. माझ्या मांड्या ओल्या झाल्या होत्या. दुधानं नव्हे. लुगड्यातून पायावर, पायावरून शेणात. हे सांगायची मला लाज वाटत नाही. मी भीतीनं मुतले आणि तशीच बोलले. दोन्ही एकदम झालं.

"पाटील," मी म्हणाले. आवाज फाटका निघाला. "भ्यालेल्या जितराबाला दूध न्हाई, तिचा काय गुन्हा, हे तुमीच बोलला काल. म्या ऐकलंय. तवा ठावं न्हवतं असं म्हनू नगा. तुमाला समदं ठावं हाय. उद्यापास्नं मी यायची न्हाई."

पाटलांना वाटलं नव्हतं मी बोलेन. मला तरी कुठं वाटलं होतं. त्यांनी कासंडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मग खाशील काय?"

त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर नसतानाच मी निघाले.

*

उत्तर पुढंही लवकर सापडलं नाही. पाटलांचा निरोप त्याच संध्याकाळी वस्तीवर आला. त्यांच्या बांधावरून आमची वाट बंद. खळ्यावरचं भात बंद. पुरुष जमले. काही म्हणाले, पोरीनं बरोबर केलं. काही म्हणाले, बायकांनी विचारून करायला पाहिजे होतं. मला विचारलं नाही कुणी. नवऱ्याला निरोप गेला, तो खडीवरून आला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, खडीच्या कामावर बायाही लागतात.

लेक जगली. कशी जगली, तर शेजारणीनं आपल्या पोराबरोबर पाजली, थोडी पेज, थोडं माझं. माझं पूर्वीसारखं कधीच आलं नाही. एकदा बसलेली दहशत पाटलांचं घर सोडलं म्हणून अंग सोडत नाही. आज ती लेक स्वतः लेकुरवाळी आहे आणि मला आजही कुणी पाठीमागून मोठ्यानं हाक मारली तर हातातलं भांडं पडतं. वस्तीच्या कामासाठी कचेरीत गेले आणि साहेबाचा आवाज चढला की पोटात तोच मुरडा. डॉक्टर गोळ्या देतात, घेते. मी भीतीवर मात वगैरे केलेली नाही. तसं कुणी सभेत माझ्याबद्दल भाषणात बोललं तर मी बसल्या जागेवरूनच नाही म्हणते.

पण त्या दुसऱ्या सकाळचं सांगायचं राहिलं.

मी उठले तर आत्या अंथरुणात नव्हती. बाहेर येऊन बघते तो ती ओढ्याच्या वाटेला लागलेली, वाकलेली, कमरेवर हात. माझ्या जागी कामाला चालली होती. मी धावले. पाण्याच्या अलीकडं तिला गाठलं आणि वाटेत उभी राहिले.

"सर बाजूला," ती म्हणाली. "पाया पडते त्यांच्या. तुजं वय न्हाई, तुला ठावं न्हाई ते काय करत्यात. सर, बाय."

ती थरथरत होती. ओठ, हनुवटी, हात. सगळी म्हातारी पानासारखी हलत होती. मी तिचे हात हातात घेतले. बर्फ. मला वाटायचं ही बाई कशाला घाबरत नाही, हिचं अंग काटक आहे. चाळीस-पन्नास वर्षं तिनं हे असेच गार हात घेऊन त्या गोठ्यात शेण भरलं होतं आणि कुणाला, मलाही, कळू दिलं नव्हतं. तिला पोटाचं दुखणं होतं, जन्माचं. आम्ही म्हणायचो, आत्याला नाचणी सोसत नाही.

मी तिला भिऊ नका म्हणाले नाही. ते पौडला ऐकून झालं होतं.

"आत्या," मी म्हणाले, "भ्या. लई भ्या. मी बी भ्यालीया, हे बगा माजं हात. पन जाऊ नगा."

पलीकडं पाटलांच्या घरातून धूर निघायला लागला होता. मोरी हंबरत होती, तिची वेळ झाली होती. आत्याचे पाय दोनदा पुढं झाले. मी बाजूला झाले नाही. मला ढकलून जाण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती आणि तिला अडवण्याइतका धीर माझ्यात नव्हता, तरी आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो, एकमेकींचे गार हात धरून, ऊन अंगावर येईपर्यंत. त्या घराकडं त्यानंतर आमच्यातली एकही बाई गेली नाही.

भीती गेल्यावर नाही म्हणेन, असं ठरवलं असतं तर मी अजून ते शेण काढत असते. मी भीत भीत नाही म्हणाले. अजून भिते. अजून नाहीच म्हणते.